कापसाच्या खोलीतला राउटर

“मग सोडून दे ना नोकरी! सकाळ झाली की नेट, दुपार झाली की नेट. घरच्यायचं डोकं उठवलं तुनं.”

“सोडते. आत्ता सोडते. फक्त एवढं सांगा, मी फोनवर असताना तुम्ही तिकडं हॉलमध्ये मॅच पाहून राह्यले होते का नाही?”

“पाहून राह्यलो होतो. पन मोबाईलच्या नेटवर! तुया वायफायवर मॅच दिसते का? बॉल टाकला की गोल गोल फिरत बसते. तवरक तिकडं मानूस आऊट होऊन घरी जाते.”

“तेच तं म्हनून राह्यली मी! एवढं नवीन मशीन आनलं...”

“तूच आनलं.”

“हो, मीच आनलं! अन् जुनं होतं थे याच्यापरीस बरं होतं!”

वैष्णवी स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. लॅपटॉप ओट्याच्या कोपऱ्यावर, हेडफोन गळ्यात. पडद्यावर नुकताच तुटलेला कॉल लाल अक्षरांत दिसत होता. कोल्हापूरकडच्या एक बाई होत्या, मिक्सरमधून ठिणग्या येतात म्हणून घाबरलेल्या. वैष्णवीने त्यांना धीर देत देत “आधी बटण बंद करा ताई, आणि...” एवढं सांगितलं आणि पुढचं बाईंपर्यंत पोचलंच नाही. आता त्या बाई ओल्या हाताने प्लग उपसत असतील, आणि इकडे तिचा नवरा पिंटू दारात उभा राहून नोकरी सोड म्हणत होता.

हॉलमधून सासऱ्यांचा आवाज आला. वामनराव सुनेशी सरळ बोलत नसत. जे सांगायचं ते मुलामार्फत सांगत, सून दोन हात अंतरावर उभी असली तरी.

“पिंट्या, तिले म्हन आवाज हळू. शेजारीपाजारी ऐकून राह्यले.”

“शेजाऱ्यायलेच ऐकू येते, मामाजी!” वैष्णवी तिथूनच ओरडली. “गिऱ्हाइकालेच येत नाही!”

मग सासू तानाबाई हळूच हसल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ वामनरावांचं खाकरणं.

वैष्णवी मूळची यवतमाळजवळच्या लोहाऱ्याची. तिचे वडील तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर होते. मशीन बंद पडलं तर आधी शिव्या द्यायच्या नाहीत, आधी काल काय बदललं ते विचारायचं, ही त्यांची सवय तिला लागली होती. यवतमाळच्या कॉलेजात ती बी.कॉम. झाली आणि लग्न होऊन नेरला आली. पिंटूचं बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान, गावाबाहेर वडिलांची शेती, पक्कं घर. पाहायला आलेल्या लोकांनी सांगितलं होतं, पोरगी घरात बसूनच राज्य करेल. घरात बसली, हे खरं.

कोरोनात दुकान बंद होतं तेव्हा एका मैत्रिणीच्या ओळखीने तिला हे काम मिळालं. मिक्सर, पंखे, कुलर, गिझर बनवणाऱ्या कंपनीचा तक्रार-विभाग. ऑफिस नागपूरला, पण फोन घेणाऱ्या बायका आपापल्या घरी. सुरुवातीला घरच्यांना गंमत वाटली. वामनराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “आमची सून कंपनीत आहे. घरातल्या घरात.” हळूहळू गंमत संपली, दुकान पुन्हा उघडलं, पण पहिल्यासारखं चाललं नाही. घरात येणारा बांधलेला पैसा म्हणजे वैष्णवीचा पगार, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी कधी बोलत नव्हतं.

तिच्याकडे दोन आवाज होते. फोनवरचा आवाज स्वच्छ, पुस्तकी, जरा खालच्या पट्टीतला. “आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून दिलगीर आहोत.” फोन ठेवला की त्याच तोंडातून, “आई, दूध उतू चाललं नं वो!” गल्लीतल्या बायकांना हे फार आवडायचं. मिक्सर लावायचा असेल तर त्या घरात तिच्या हाताच्या खुणेची वाट पाहायला लागायची, कारण एकदा गिऱ्हाईक मिक्सर फार आवाज करतो अशी तक्रार करत असताना तानाबाईंनी मागे शेंगदाण्याचा कूट काढला होता आणि गिऱ्हाईक म्हणालं होतं, “बघा, अगदी असाच!”

हे सगळं तिने निभावून नेलं. नेट मात्र नेता येईना.

आधी तिचं टेबल मागच्या खोलीत होतं. खोली छोटी, पण दार लावता यायचं. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस आला आणि खोली कापसाला गेली. टेबल गच्चीवर गेलं आणि उन्हाने तडकलं. आदल्या वर्षी कापसाला जो भाव मिळाला होता तो साऱ्या जिल्ह्याच्या डोक्यात बसला होता. यंदा बाजारात त्याच्या आसपासही कोणी विचारत नव्हतं. नेरमध्ये घरोघरी हीच तऱ्हा. कोणाच्या हॉलमध्ये, कोणाच्या जिन्याखाली, कोणाच्या पलंगाभोवती कापूस. भाव येईल म्हणून थांबलेला. वामनरावांचा तर छताला टेकला होता, आणि ते रोज सकाळी वायफायवर भाव पाहत. गुढीपाडवा गेला, ऊन तापलं, आणि त्या कापसातून बारीक किडे निघून माणसांना चावायला लागले. तानाबाईंच्या दोन्ही हातांवर लाल चकंदळं उठली होती. त्या दिवसभर खाजवत आणि रात्री खोबरेल लावत. वामनराव म्हणत, “खाजेनं कोनी मरत नाही.”

खोलीला कुलूप होतं. किल्ली वामनरावांच्या बनियनच्या खिशात. त्या खोलीत बल्ब लावायचा नाही, काडी पेटवायची नाही, मोबाईलचा टॉर्चसुद्धा नको. हा नियम कोणाला जाच वाटत नव्हता. कापूस असलेल्या घरात तो असतोच.

अडचण एकच होती. नेटची तार मागच्या गल्लीतून त्याच खोलीत येत होती. दाराच्या वर आतल्या बाजूला लाकडी फळी होती, तिच्यावर जुना राउटर वर्षानुवर्षं मुकाट पडलेला होता. महिनाभरापूर्वी कंपनीने फोन घेणाऱ्या बायकांना जास्त वेगाचं कनेक्शन घ्यायला सांगितलं. वैष्णवीने घेतलं. नवा राउटर आला, काळा, चकचकीत, चार दांड्यांचा. दांड्या पाहून तानाबाईंनी “खेकडा आहे का वो?” असं विचारलं होतं. बसवायला आलेल्या अश्वजितने तोही त्याच फळीवर बसवला, कारण तार तिथेच होती आणि भिंतीला नवं भोक पाडायला वामनरावांनी साफ नकार दिला. त्या दिवशी नेट असं पळालं की वैष्णवीने संध्याकाळी सगळ्यांना गुलाबजाम केले.

दुसऱ्या दिवसापासून ते रांगायला लागलं.

तिने सगळं करून पाहिलं. लॅपटॉप बदलून पाहिला, पासवर्ड बदलला, गल्लीतली पोरं चोरून वापरतात म्हणून एका पोराच्या आईशी भांडली आणि नंतर तिची माफी मागितली. स्टूल हॉलमध्ये नेलं तेव्हा नेट तेवढंच मेलेलं. गच्चीवर नेलं तर उन्हाने लॅपटॉपच तापून बंद. अश्वजित दोनदा येऊन गेला. शांत माणूस, डोक्याला रुमाल बांधलेला, बोलणं कमी. दोन्ही वेळा वामनराव पुढे होऊन कुलूप उघडत, आत जाऊन “कापूस सारतो जरा” म्हणत, मग त्याला आत घेत. अश्वजित मोबाईल धरून वेग पाहायचा आणि तिला दाखवायचा.

“ताई, मस्त चालून राह्यलं. याच्याहून जास्त नेरमध्ये कोनाकडंच नाही.”

आणि खरंच चालत असायचं. तिच्या लॅपटॉपवरसुद्धा. तो गेला की पुन्हा रांगायचं. दुसऱ्या वेळी तर पिंटू त्याच्यासमोर म्हणाला होता, “हिले भास होते,” आणि अश्वजित उगाच हसला होता. ते हसणं तिच्या डोक्यात अजून होतं.

आज मात्र हसण्याची वेळ गेली होती. पिंटू दारातून हलायच्या आतच मोबाईल वाजला. नागपूरच्या उर्वशी मॅडम, तिच्या गटाच्या प्रमुख. वयाने तिच्यापेक्षा लहान, पण चांगली बाई.

“वैष्णवीताई, कोल्हापूरच्या बाईंनी परत फोन करून तक्रार केली. तुम्ही मध्येच फोन ठेवला म्हणाल्या.”

“मी नाही ठेवला मॅडम. कट झाला.”

“मला माहितीये. पण वरती तुमचं नाव गेलंय. सोमवारी सकाळी तुमची लाइन तपासणार आहेत. ती नीट नसेल तर तुम्हाला कॉलवरून काढतील. मी जेवढं सांभाळायचं तेवढं सांभाळलं.”

“काढतील म्हणजे, दुसरं काम देतील?”

“दुसरं काम नाहीये, ताई,” उर्वशी मॅडम म्हणाल्या. या वेळी आवाज अगदी स्पष्ट होता, कारण हा फोन साधा होता, वायफायवरचा नव्हता.

वैष्णवीने मोबाईल ओट्यावर ठेवला. पिंटू अजून उभाच होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

“जाऊ दे ना,” तो जरा मऊ आवाजात म्हणाला. “एवढं काय त्यात. दुकानात बस माझ्यासंगं. कव्हर विकाले मानूस लागतेच.”

“कव्हर विकू?” ती म्हणाली. “अश्वजितले फोन लावा. आजच्या आज.”

“परत? अवो, थो काय म्हनन?”

“जे म्हनायचं थे म्हनू द्या. तुम्ही लावता का मी लावू?”

अश्वजित चार वाजता आला. वैष्णवी या वेळी त्याच्या मागे मागे गेली नाही. ती स्टुलावरच बसून राहिली, लॅपटॉपवर वेग मोजायचं पान उघडून. पडद्यावरचा काटा तळाशी लोळत होता. हॉलमधून आवाज येत होते. वामनरावांचं “या, बसा, पानी घ्या.” किल्लीची खळखळ. कुलूप. “थांबा, कापूस सारतो.” दार करकरलं. मग आत काहीतरी खणकन वाजलं, पत्र्यासारखं, आणि काटा एका झटक्यात वर गेला.

अश्वजित अजून हॉलमध्ये पाणी पीत होता. पेला ठेवल्याचा आवाज तिने त्यानंतर ऐकला.

ती उठली नाही. तिने वाट पाहिली. अश्वजित आत गेला, बाहेर आला, स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन नेहमीचं वाक्य बोलला. ती म्हणाली, “हो दादा, दिसून राह्यलं मले. तुमचा काही दोष नाही.” तो गोंधळून गेला. त्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचली असेल तेवढ्यात मागे पुन्हा खणकन वाजलं, दार लागलं, कुलूप लागलं. काटा खाली आला.

मग ती हॉलमध्ये गेली. वामनराव पलंगावर बसून बनियनच्या खिशात किल्ली ठेवत होते. पिंटू मोबाईल पाहत होता. तानाबाई खाली बसून तूर निवडत होत्या, मधूनमधून दंड खाजवत.

वैष्णवी मध्ये उभी राहिली आणि तिने फोनवरचा आवाज काढला. तो आवाज त्या घरात गिऱ्हाइकांव्यतिरिक्त कोणासाठी निघाला नव्हता.

“मला एक माहिती हवी आहे. नवीन राउटर बसवला त्या दिवशी तो व्यवस्थित चालत होता. त्यानंतर त्या खोलीत काय बदल करण्यात आला?”

“हे काय लावलं?” पिंटू म्हणाला.

“कृपया प्रश्नाचं उत्तर द्यावं. काय बदल करण्यात आला?”

“पिंट्या,” वामनराव म्हणाले, “तिले म्हन नाटक बंद कर.”

“खोलीतून पत्र्याचा आवाज येतो. माणूस येण्याआधी एकदा, माणूस गेल्यावर एकदा. तो कशाचा आहे?”

तानाबाईंचा हात तुरीत थांबला. मग त्या एकदम वैतागून, कोणाकडे न पाहता म्हणाल्या, “द्या ना बाप्पा काढून थो पिपा! रोजची कटकट. इथं हाताची सालटं निघून राह्यली, अन् यायचं पिपा झाका, पिपा काढा!”

“कोनता पिपा?” वैष्णवी म्हणाली. आता आवाज तिचा स्वतःचा होता.

“तेलाचा,” तानाबाई म्हणाल्या आणि पुन्हा तूर निवडायला लागल्या.

वैष्णवीने सासऱ्यांपुढे हात केला. वामनरावांनी किल्ली दिली नाही. तिने हात मागे घेतला नाही. शेवटी पिंटूच उठला, वडिलांच्या खिशातून किल्ली काढली आणि दार उघडलं.

कापूस दारापाशी छातीएवढा होता आणि मागे छतापर्यंत चढत गेला होता. उबट, कोंदट वास आला. दाराच्या वर फळीवर तेलाचा रिकामा पिपा, म्हणजे पत्र्याचा चौकोनी डबा, पालथा घातला होता. त्याच्या एका बाजूला खाली छान गोल खाच कापलेली होती, आणि त्या खाचेतून तारा बाहेर येत होत्या. पिप्याखाली तिचा चार दांड्यांचा राउटर होता. दांड्या मावाव्यात म्हणून दुमडून खाली केल्या होत्या.

“हे कोनं केलं?”

“मी केलं,” वामनराव मागून म्हणाले. पहिल्यांदाच सरळ तिला. “थे मशीन गरम होते. जुनं नव्हतं होत. हात लावून पाह्यलं मी, पोळलं. कापसात गरम वस्तू? जिनिंगच्या कारखान्यात होतो मी तरुनपनी. कापसाची गंजी पेटताना पाह्यली हाय. वरून काहीच दिसत नाही. मानूस त्याच्यावरून चालत जाते अन् आत धुमसून राह्यलं असते. पानी टाकलं तरी खाली जात नाही. दोन दिवसांनी ज्वाला निघते. तुले काय मालूम?” त्यांनी फळीकडे बोट केलं. “पत्र्यात असलं तं जळलं तरी थेच जळन. कापसाले लागनार नाही.”

“मले सांगायचं ना मग!”

“सांगतलं असतं तं तू आयकलं असतं?”

“अन् अश्वजित आला की काढत काहून होते?”

“परका मानूस गावभर सांगत फिरते, यायनं कंपनीच्या मशीनवर पिपा घातला म्हनून.”

वैष्णवीला एक क्षण हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. तिने खाचेवरून बोट फिरवलं. कडा गुळगुळीत होती, घासून काढलेली. म्हाताऱ्याच्या हाताला हे जमण्यासारखं नव्हतं. घरात पत्रा कापायची कातर एकाकडेच होती.

ती पिंटूकडे वळली.

“खाच तुम्ही पाडली.”

पिंटूने मान खाजवली. “बाबा म्हने पाडून दे. तारा दबून राह्यल्या होत्या.”

“तुम्हाले मालूम होतं.”

“अवो, मले काय मालूम एवढं स्लो होईन...”

“तुमचं मोबाईलचं दुकान आहे! मागच्या हप्त्यात त्या मास्तरले तुम्ही काय सांगत होते? पत्र्याच्या शेडमध्ये टॉवर येत नाही म्हनून! माझ्यासमोर सांगत होते! रोज मी इथं बोंबलून राह्यली, मॅडमच्या हातापाया पडून राह्यली, त्या लेकरायच्या आईशी भांडली. अन् तुम्ही त्या मानसासमोर म्हने, हिले भास होते!”

“बाबांचं मन राखलं मी. त्यात काय एवढं?”

“माझं?”

“काय तुझं?”

“काही नाही.”

तिने फळीवरून पिपा उचलला. पिपा तापलेला होता, बोटं भाजली. तिने तो वामनरावांसमोर धरला.

“लावा हात. पाहा, मामाजी. झाकल्यानं थे जास्त तापून राह्यलं. आग लागली तं याच्याचपायी लागन.”

“गरम आहे, म्हनूनच तं झाकलं,” वामनराव म्हणाले.

“झाकलं म्हनून गरम आहे!”

“पिंट्या, हिले समजाव.”

हे असं बरंच चाललं. तिने सांगितलं, राउटर सयपाकखोलीत लावू, तार वाढवून घेऊ. वामनराव म्हणाले, गॅसजवळ? हॉलमध्ये लावू. हॉलमध्येही दाराखालून कापूस निघतो, पहा, पलंगाखाली आहे. गच्चीच्या जिन्यात लावू. घराला आणखी भोक पाडू देणार नाही, आधीच ओल येते. मग कापूस विका. हे शब्द तोंडातून निघाले तेव्हा तानाबाईंनी मान वर केली, आशेने. पण वामनराव उभे राहिले.

“कापूस भाव आल्याशिवाय हलत नाही. जवरक कापूस घरात हाय, तवरक थे मशीन पिप्यात राहीन. पटत नसन तं काढून फेक.”

“भाव संक्रांतीले आला होता थोडासा,” तानाबाई म्हणाल्या. “तवाही तुम्ही असेच उभे राह्यले होते.”

“तू तूर निवड.”

वामनरावांनी पिपा तिच्या हातातून घेतला, फळीवर पालथा घातला, खाच तारांवर नीट बसवली. हे करताना त्यांचा हात अगदी हळू होता, झोपलेल्या लेकराला पांघरूण घालावं तसा. ते पाहून वैष्णवीचा राग आणखी वाढला, कारण या माणसाला ती वाईट म्हणू शकत नव्हती. त्याची भीती खरी होती. फक्त त्या भीतीचा सगळा खर्च तिच्या माथी आला होता, आणि तो कोणाला दिसत नव्हता.

पिंटू म्हणाला, “चहा टाक नं.”

तिने चहा टाकला नाही. चप्पल घातली आणि बाहेर पडली.

समोरच्या घरी रुखमाबाई राहत. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, एकट्या. मुलगा धर्मपाल यवतमाळला नोकरीला लागला तेव्हापासून वरची खोली रिकामी होती. वैष्णवी त्यांच्या पायरीवर बसली आणि सगळं सांगितलं. सांगताना एकदाही रडली नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. रुखमाबाई शेंगा फोडत ऐकत होत्या. पिप्याचा भाग आला तेव्हा त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या.

“तेलाचा पिपा?”

“तेलाचा.”

“अन् खाच तुह्या नवऱ्यानं पाडली?”

“घासून. हात कापू नये म्हनून.”

“लय काळजीवाला हाय बाप्पा.” रुखमाबाई उठल्या, आतून किल्ली आणली. “जा, पाहून ये वर. पंखा हाय, खिडकी हाय. माया घरात ना कापूस, ना मानसं. तुया फोनले कोनी आडवं येनार नाही.”

“मी भाडं देईन.”

“दे. मले कायले नको? फुकट दिलं तं तुले रोज मायाशी गप्पा माराव्या लागतीन.”

वैष्णवी वर गेली. खोली धूळभरली होती, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, एक जुनं लाकडी टेबल होतं, खरंखुरं, चार पायांचं. तिने टेबल हलवून पाहिलं. हललं नाही. खिडकीतून समोर तिचं स्वतःचं घर दिसत होतं. हॉलमध्ये पिंटू पाय पसरून बसला होता. वामनराव दारात उभे राहून गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहत होते, सून कुठे गेली असेल म्हणून, पण हाक मारत नव्हते.

तिने तिथूनच अश्वजितला फोन केला.

“दादा, कनेक्शन दुसऱ्या घरी हलवता येते का? समोरच. उद्या.”

“उद्या रविवार आहे ताई.”

“सोमवारी सकाळी माझी नोकरी जाते.”

तो मग म्हणाला, “सकाळी येतो. पन ताई, एक विचारू का? त्या घरात नक्की काय आहे?”

“पिपा,” ती म्हणाली. “सांगते उद्या.”

मग तिने उर्वशी मॅडमना निरोप धाडला की सोमवारी लाइन तपासा, नीट असेल. निरोप लिहिताना बोटं चुरचुरत होती. थांबून तिने हातांकडे पाहिलं. तापलेल्या पत्र्याची लाल रेघ उजव्या बोटांवर उमटली होती.

ती घरी परतली तेव्हा गॅसवर काहीच नव्हतं. तिने वरण-भात लावला, वांग्याची भाजी केली, भाकरी थापल्या. पिंटूने स्वतः उठून पाण्याचे पेले भरले, म्हणजे भांडण मिटलं असं त्याच्या मते झालं होतं. त्याने एक विनोदही केला, की उद्यापासून पिप्याला एखादी खिडकी पाडून देऊ, हवा खेळती राहील. वामनराव हसले. तानाबाई हसल्या नाहीत.

सगळ्यांच्या ताटात वाढून झाल्यावर वैष्णवी बसली नाही. भाकरीचं टोपलं हातातच होतं.

“उद्या सकाळी अश्वजित येनार आहे,” ती म्हणाली. “खोली उघडून द्या. कनेक्शन माझ्या नावावर आहे, थे मी हलवून राह्यली.”

“कुठं?” पिंटू म्हणाला.

“रुखमाबाईच्या वरच्या खोलीत.”

वामनरावांचा घास थांबला. “त्यायच्या घरी?” ते म्हणाले. त्या दोन शब्दांचा संबंध नेटशी नव्हता, त्या वरच्या खोलीतल्या फोटोशी होता.

“हो. त्यायच्या घरी.”

“लोक काय म्हनतीन?”

“इचारून या.”

“वैष्णवी,” पिंटू म्हणाला, “मग आमच्या घरात नेट?”

“राहनार नाही.”

“अन् बाबा भाव कशावर पाहतीन?”

तिने टोपलं ओट्यावर ठेवलं. आवाज वर गेला नाही, खालीही गेला नाही.

“सोमवारपासून मी सकाळी नवाले तिथं जाईन अन् सहाले परत येईन. कापूस घरात असो का नसो, मी आता या घरात काम करनार नाही. दुपारचा सयपाक ज्याचा त्यानं पाहून घ्या.”